वाचकांचे प्रश्न : टेबलावरचा पावर सप्लाय कुठला घेऊ?

या महिन्यात बेंच पावर सप्लायवरच (हवे तेवढे व्होल्ट आणि करंटची मर्यादा लावून सर्किट चालवायची टेबलावरची डबी) इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. पहिला प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच, किती व्होल्ट आणि किती अँपचा घेऊ. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं वाचताना चिडचिड होणार नाही. व्होल्ट-अँप ठरवणं हा या खरेदीतला सगळ्यात सोपा भाग आहे, पैसे मोजायचे ते करंट वेळेवर अडवण्याच्या सोयीसाठी. नुसते पाच व्होल्ट हवे असतील तर मोबाईलचा चार्जरही देतो की.

प्रश्न : काका, मी ईएनटीसी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरून सहा हजार मिळालेत. ऑनलाइन बघितलं तर ३० व्होल्ट ५ अँप आणि ३० व्होल्ट १० अँप यांच्यात हजार-पंधराशेचाच फरक दिसतोय, मग १० अँपवालाच घेऊ ना? कामं म्हणजे ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर), सर्वो (ठराविक कोनात फिरणारी मोटर), बीओ मोटरची (छोट्या गिअरवाल्या मोटरची) गाडी, आणि पुढच्या सेमला सिम८००एल (सिमकार्डाचं जीएसएम मॉड्यूल) वापरून एसएमएस पाठवणारं काहीतरी.
— विद्यार्थी, कराड

उत्तर : नको घेऊस. घेतलास तर काही बिघडणार नाही पण त्या जास्तीच्या हजार-पंधराशेत तुझ्या कामाचं काहीच येत नाही. हिशोब कर, ईएसपी३२ साठी कंपनीच सांगते की सप्लाय किमान ५०० मिलीअँप देणारा धरा, एमजी९९५ सारखा सर्वो कुठे अडकला तर अँप-दीड अँप खातो, बीओ मोटर त्याहून कमी, म्हणजे सगळं एकदम चालू आहे आणि गाडी भिंतीला जाऊन थडकलीये असं धरलं तरी पाच अँप पुरून उरतात. आणि ३० व्होल्ट १० अँप म्हणजे ३०० वॅट, एवढी ताकद ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) आसपास आणायची तरी कशाला, ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या एखाद्या अँपच्या पुढे गरम व्हायला लागतात.

तुझ्या पैशात बघायचं ते वेगळं. एक म्हणजे आऊटपुट चालू-बंद करायचं स्वतंत्र बटण हवं, मागचा मेन स्विच नाही, पुढचं बटण. ते नसलेला सप्लाय फुकट मिळाला तरी विचार करून घे, कारण वायर लावताना-काढताना व्होल्टेज जिवंत राहतं आणि नवशिक्याचे निम्मे भाग तिथेच जातात. दुसरं, आऊटपुट बंद असताना सेट केलेले व्होल्ट आणि सेट केलेला करंट दोन्ही स्क्रीनवर दिसायला हवेत. तिसरं, मीटर चार आकडी हवं, म्हणजे करंट ०.०८३ असा एक मिलीअँपपर्यंत दिसेल. तीन आकडीत तेच ०.०८ दिसतं आणि तुझा सेन्सर तीन मिलीअँप जास्त का खातोय हे कळतच नाही. स्लीप मोडचे मायक्रोअँप मात्र कुठल्याच स्वस्त सप्लायच्या मीटरवर मोजायला जाऊ नकोस, त्याला मल्टिमीटरची मायक्रोअँप रेंज लागते.

आता वापरायचं कसं. नवीन सोल्डर केलेला बोर्ड आहे, अंदाजे ८० मिलीअँप खाईल असं डेटाशीटवरून वाटतंय, तर व्होल्टेज ५ वर ठेव, करंट लिमिट १५० मिलीअँप, वायर जोड, मग आऊटपुट दाब. सगळं बरोबर असेल तर सीव्ही म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेजचा दिवा लागतो. कुठे शॉर्ट असेल तर सीसी म्हणजे कॉन्स्टंट करंटचा दिवा लागतो, व्होल्टेज धपकन खाली येतं आणि बोर्डात १५० च्या वर एक मिलीअँप जात नाही. रेग्युलेटर उलटा बसलाय, कपॅसिटर उलटा लागलाय, सगळं या एका दिव्यावरून कळतं आणि तेही धूर न निघता. जुन्या नॉबवाल्या सप्लायवर सेट करंट दिसत नाही, तिथे करंटचा नॉब पूर्ण मागे घ्यायचा, लाल-काळी टोकं एकमेकांना चिकटवायची आणि मीटरवर १५० येईपर्यंत नॉब हळूच पुढे न्यायचा. शॉर्ट करायला घाबरू नकोस, सीसीवाला सप्लाय यासाठीच असतो. काही सप्लायमध्ये ओसीपी म्हणजे ओव्हर करंट प्रोटेक्शन असं वेगळं बटण असतं, ते चालू असेल तर करंट धरून ठेवण्याऐवजी सप्लाय सरळ आऊटपुट तोडतो. बोर्ड तपासताना सीसी बरं, रात्रभर काही चालू ठेवायचं असेल तर ओसीपी.

सिम८००एल साठी हीच सवय तुला फसवेल म्हणून आत्ताच सांगतो. त्या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, मीटरवर सरासरी दोन-तीनशे मिलीअँप दिसतात, म्हणून तू लिमिट ५०० वर लावशील आणि मॉड्यूल नेटवर्क शोधताना परत परत रिसेट होईल. जीएसएम दर ४.६ मिलीसेकंदाला साधारण अर्ध्या मिलीसेकंदाचा झटका मारतं आणि त्या झटक्यात करंट २ अँपपर्यंत जातो, मीटर इतकं हळू असतं की त्याला तो दिसतच नाही. तेव्हा तिथे लिमिट अडीच अँप ठेव आणि मॉड्यूलच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव.

आणखी एक, सप्लायसोबत येणारी लाल-काळी क्लिपची वायर. बाहेरून जाड दिसते, आत तांब्याच्या चार तारा. ०.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घेतली तरी जाऊन-येऊन दोन मीटरला ०.०७ ओहम होतात, तीन अँपला ०.२ व्होल्ट वायरमध्येच गेले, आणि सोबत आलेल्या वायरमध्ये याहून कितीतरी जास्त जातात. सप्लायवर ५.०० दिसतात आणि ईएसपी३२ ब्राऊनआऊटचा म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा मेसेज टाकत बसतो ते यामुळे, आणि पोरं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. दीड चौरस मिलिमीटरची सिलिकॉन वायर आणि दोन बनाना प्लग आण, घरी बनव.

पार्सल आलं की प्लग लावायच्या आधी मागे किंवा खाली ११५/२३० चा लाल स्विच आहे का बघ. असला तर तो २३० वरच हवा. ११५ वर राहिलेला असताना आपल्याकडच्या सॉकेटला लावला तर आतले मोठे कपॅसिटर फुटतात, मोठा आवाज येतो आणि हे वॉरंटीत बसत नाही.

प्रश्न : माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, १५ व्होल्ट २ अँपचा काट्याच्या मीटरचा सप्लाय कित्येक वर्षं वापरतोय. आता सगळे डिजिटल घ्या म्हणतात, ३० व्होल्ट ५ अँपचा. बदलू का दादा?
— मोबाईल टेक्निशियन, लातूर

उत्तर : जुना फेकू नका एवढं आधी सांगतो. तुमच्या धंद्यात काट्याला जी किंमत आहे ती बाहेरच्यांना कळत नाही. बॅटरीच्या जागी ४ व्होल्ट दिले, पावर बटण अजून दाबलंच नाही आणि काटा सरळ शेवटाला गेला तर मेन लाईन शॉर्ट. बटण न दाबताच ३०-४० मिलीअँप दाखवतोय तर कुठेतरी लीकेज. बटण दाबल्यावर काटा उचलला, नाचला, वर-खाली झाला तर फोन बूट होतोय, आणि एकाच जागी उठून ठप्प उभा राहिला तर बूट कुठेतरी अडकलंय. हे नाचणं काट्यावर जसं दिसतं तसं आकड्यांत दिसत नाही, आकडे नुसते पळतात. मी तर म्हणतो दोन्ही ठेवा.

डिजिटल घेताना ३० व्होल्टच्या मागे लागू नका, फोनच्या टेबलावर ३० व्होल्टचा नॉब हा धोकाच, बाहीचा धक्का लागून ४ चे १४ झाले की गिऱ्हाईकाचा फोन आणि तुमचा दिवस दोन्ही गेले. १५-१६ व्होल्टचा पुरे, पण करंट ५ अँपपर्यंत असलेला बरा, आणि नॉब लॉक करायची सोय असलेला. पाच अँप शॉर्ट शोधायला लागतात. शॉर्ट असलेल्या लाईनवर रोझिनचा धूर धरायचा, मग व्होल्टेज देऊन जिथला पांढरा थर आधी वितळतो तो कपॅसिटर गेलेला, किंवा आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकायचं आणि कुठून आधी उडतं ते बघायचं, थर्मल कॅमेरा असेल तर प्रश्नच नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. फक्त एक, हे करताना व्होल्टेज त्या लाईनच्या मूळ व्होल्टेजच्या वर कधी न्यायचं नाही. बॅटरीच्या लाईनला ४ चालतात, प्रोसेसरच्या कोअरची लाईन एक व्होल्टच्या आसपासची किंवा त्याहूनही खालची असते, तिथे ४ लावले आणि शॉर्ट उडाला की पुढच्या क्षणाला ते ४ व्होल्ट थेट प्रोसेसरवर. अर्ध्या व्होल्टपासून सुरू करा आणि करंट वाढवत न्या.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरचा एटीएक्स सप्लाय पडून आहे, हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो. ३.३, ५, १२ सगळं मिळतं. मग विकत कशाला घ्यायचा?
— वाचक, चिपळूण

उत्तर : तयार आणि तपासून झालेली वस्तू चालवायला वापरा, एलईडीची पट्टी, पंखा, थ्रीडी प्रिंटरचा एखादा भाग. नवीन सर्किटला मात्र नको. १२ व्होल्टच्या लाईनवर त्यात पंधरा-वीस अँप सहज तयार असतात, तुमच्या बोर्डवर शॉर्ट झाला तर त्याच्या दृष्टीने तो साधा लोड, पीसीबीचा ट्रॅक लाल होऊन तुटेपर्यंत तो आनंदाने देत राहील. वापरायचाच तर प्रत्येक वायरला बाहेर फ्यूज लावा, एक-दोन अँपचा. आणि त्याचं निगेटिव्ह आतून अर्थला जोडलेलं असतं हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मी निवृत्त झाल्यावर ऑडिओकडे परत वळलोय. एनई५५३२ या ऑपॅम्प चिपवर फोनो प्रीॲम्प (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा) बांधलाय, प्लस-मायनस १५ व्होल्टवर. सध्या दोन छोटे एसएमपीएस (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारे) अडॅप्टर मालिकेत जोडून चालवतो आणि हलकी हम म्हणजे गुणगुण येते. लिनिअर (ट्रान्सफॉर्मरवाला, जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) ड्युअल सप्लाय घ्यायचा विचार आहे. जुना ॲप्लॅब किंवा सायंटिफिकचा मिळाला तर घ्यावा का नवीन? माझ्याकडे ऑसिलोस्कोपही आहे.
— ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : लिनिअर घ्याच, ऑडिओला तोच शोभतो. पण हमसाठी म्हणून घेत असाल तर आधी शंभर रुपयांचा प्रयोग करा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणा, मालिकेत जोडा, मधला जोड ग्राउंड धरा, प्रीॲम्प प्लस-मायनस ९ वर आरामात चालतो. हम तशीच राहिली तर सप्लाय निर्दोष आहे, टर्नटेबलची ग्राउंड वायर, शील्डचं जोडणं, ट्रान्सफॉर्मरच्या जवळ ठेवलेली डबी, यांत शोधा. माझा अंदाज विचाराल तर इथेच सापडेल, कारण एसएमपीएसची स्विचिंग फ्रिक्वेन्सी बहुतेक कानाच्या पलीकडची असते आणि ५५३२ सप्लायवरचा कमी फ्रिक्वेन्सीचा रिपल म्हणजे व्होल्टेजचा चढउतार चांगला दाबतो. अडॅप्टरचा खरा त्रास वेगळा, त्यांच्या आतल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्स आणि आऊटपुटच्या मध्ये लावलेला छोटा कपॅसिटर) मेन्सचा थोडा करंट तुमच्या ग्राउंडवर येतो, आणि तो फोनोसारख्या मिलिव्होल्टच्या सिग्नलला पुरतो. बॅटरीवर हम गेली तर हाच चोर.

लिनिअर आणि एसएमपीएस यांतला फरक आकड्यांत सांगायचा तर बऱ्या लिनिअरचा रिपल एक मिलिव्होल्ट आरएमएसच्या आत असतो, स्वस्त एसएमपीएसचा दहा-वीसपासून शंभर मिलिव्होल्ट पीक टू पीकपर्यंत काहीही. त्याची किंमत लिनिअर उष्णतेने आणि वजनाने वसूल करतो. आत ३५ व्होल्ट आहेत आणि तुम्ही ५ व्होल्टवर ३ अँप ओढताय म्हणजे ९० वॅट नुसते हीटसिंकवर. म्हणून बऱ्या लिनिअरमध्ये ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात आणि व्होल्टेज फिरवताना आत रिले टकटक करतो, कोराडच्या केए३००५डीत हा आवाज ऐकू येतो, तो बिघाड नाही. आणि ३० व्होल्ट ५ अँपचा "लिनिअर" म्हणून कोणी दीड किलोची डबी हातात दिली तर ती लिनिअर नाही, खऱ्याचं वजन चार-पाच किलो होतं.

ड्युअल घ्या. दोन चॅनेल आणि मध्ये इंडिपेंडंट-सिरीज-पॅरलल असं बटण असलेला. सिरीज दाबलं की एका नॉबवर दोन्ही बाजू सारख्या हलतात, १५ चे १२ केले तर उणे बाजूही १२ होते. नवीनमध्ये रिगोलचा डीपी८३२ तीन चॅनेलचा आहे, ३० व्होल्ट ३ अँपचे दोन आणि ५ व्होल्ट ३ अँपचा एक, सिग्लेंटचा एसपीडी३३०३एक्स साधारण त्याच जातीचा. दोन्ही उत्तम पण प्रीॲम्पच्या पन्नास मिलीअँपसाठी एवढे पैसे घालावेत का हे तुम्ही ठरवा.

जुना ठाण्याचा ॲप्लॅब किंवा इंदूरचा सायंटिफिक, कॉलेजच्या लॅबमधून किंवा कारखान्यातून निघालेला, चांगल्या अवस्थेत असेल तर माझी पसंती त्याला. उघडून दुरुस्त करता येतो, आत ओळखीचे भाग सापडतात, सर्किट कागदावर काढता येतं. बघायचं ते एवढंच, व्होल्टेजचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा आणि मल्टिमीटरवर नजर ठेवा. मध्ये कुठे आकडा उडाला तर पॉटचा (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) ट्रॅक झिजलाय, आणि काही जुन्या डिझाईनमध्ये पॉटचा संपर्क क्षणभर सुटला की आऊटपुट सरळ वरच्या टोकाला जातं, म्हणजे तुमच्या ऑपॅम्पवर ३० व्होल्ट. पॉट बदलणं पन्नास-शंभराचं काम आहे पण ते वापरायच्या आधी करायचं. एवढ्या वर्षांनी आतले मोठे इलेक्ट्रोलिटिकही बदलून टाका.

ऑसिलोस्कोप आहे म्हणालात म्हणून हे. त्याच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. सप्लायवर लाल, काळा आणि हिरवा असे तीन टर्मिनल दिसतील, हिरवा अर्थ, आणि लाल-काळा मोकळे म्हणजे फ्लोटिंग असतात. बऱ्याच सप्लायवर काळा-हिरवा जोडणारी पितळेची पट्टी लावलेली येते. प्लस-मायनस चालवताना ती पट्टी काढून टाका आणि प्रोबची क्लिप फक्त मधल्या ग्राउंडला लावा. पट्टी खालच्या चॅनेलच्या काळ्याला राहिली आणि क्लिप मधल्या ग्राउंडला लागली की मायनस १५ ची बाजू अर्थमधून शॉर्ट. करंट लिमिट कमी असेल तर नुसता सीसीचा दिवा लागेल, जास्त असेल तर प्रोबची ग्राउंड वायर जळेल.

प्रश्न : एलएम३१७ (व्होल्टेज बदलता येणारी रेग्युलेटर चिप) वापरून घरीच बनवला तर?
— वाचक, मडगाव

उत्तर : जरूर बनवा, शिकायला यापेक्षा चांगलं सर्किट नाही. पण त्याचे तीन स्वभाव माहीत असू द्या. १.२५ व्होल्टच्या खाली जात नाही. दीड अँप लिहिलेलं असतं ते मोठ्या हीटसिंकवर आणि इनपुट-आऊटपुटमध्ये थोडाच फरक असताना, १५ देऊन ५ काढलेत आणि एक अँप ओढलात तर दहा वॅट त्याच्याच डोक्यावर आणि तो गरम होऊन स्वतःच मागे हटतो. आणि तिसरं, त्यात बदलता येणारं करंट लिमिट नाही, आतलं लिमिट दीड-दोन अँपच्या पुढचं, ते त्याला स्वतःला वाचवायला आहे, तुमच्या सर्किटला नाही. दुसरा ३१७ मालिकेत लावून ठराविक करंट बांधता येतो, रेझिस्टर १२ ओहमचा लावला तर साधारण शंभर मिलीअँप, पण दर वेळी रेझिस्टर बदलत बसावं लागतं. ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टच्या पुढचा नका घेऊ, २४ व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर ३४ होतात, आणि लोड नसताना त्याहून वर.

प्रश्न : एलईडी तपासायला सप्लाय १२ व्होल्ट आणि २० मिलीअँपवर सेट केला, लिमिट बरोबर होतं, तरी एलईडी टेकवल्याबरोबर उडाली. दोनदा. सप्लाय खराब आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : सप्लाय ठीक आहे. त्याच्या आऊटपुटवर आत एक मोठा कपॅसिटर असतो, काही शे मायक्रोफॅरडचा, आणि तो १२ व्होल्टला भरून बसलेला असतो. करंट लिमिट त्या कपॅसिटरच्या मागे काम करतं. घागर भरलेली असताना नळ बंद केला तरी घागर पालथी झाल्यावर पाणी सांडायचं ते सांडतंच, तसं. तुम्ही एलईडी टेकवली आणि अख्खा कपॅसिटर तिच्यातून रिकामा झाला.

उपाय सोपा, आऊटपुट बंद ठेवून एलईडी जोडा आणि मग बटण दाबा, व्होल्टेजही १२ ऐवजी ३-४ ठेवा. नाहीतर ४७० ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा आणि विसरून जा. लेझर डायोडला मात्र असल्या सप्लायच्या जवळही नेऊ नका. महागड्या लॅब सप्लायमध्ये हा कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवतात, स्वस्तात मोठा टाकतात कारण त्याने रिपल कमी दिसतो. वरच्या कराडच्या विद्यार्थ्याला तोच मोठा कपॅसिटर जीएसएमच्या झटक्यात मदत करेल, तुम्हाला तोच नडला.

प्रश्न : आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, लोडशेडिंग आहे, आणि अर्थिंगचं म्हणाल तर थ्री-पिनमध्ये तिसरी वायरच नाही. कुठला सप्लाय टिकेल? सप्लायच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात.
— वाचक, जिंतूर तालुका

उत्तर : झिणझिण्यांचं आधी. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे वाय कपॅसिटर असतात, अर्थ असेल तर तो करंट अर्थमध्ये जातो, नसेल तर बॉडी शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा म्हणून माणसाला नुसती झिणझिण लागते, पण तुमच्या हातातल्या चिपला तेवढंच पुरेसं असतं. आणि उद्या आतलं इन्सुलेशन खरंच गेलं तर मग झिणझिण राहणार नाही. सप्लाय घ्यायच्या आधी वायरमनला बोलवून अर्थिंगचा खड्डा करून घ्या, हा खर्च पहिला.

व्होल्टेजचं म्हणाल तर तुमच्यासाठी लिनिअर नको. १८० ला ट्रान्सफॉर्मरचं आतलं व्होल्टेज २२ टक्के पडतं, मग वरच्या रेंजमध्ये रेग्युलेशन सुटतं आणि १०० हर्ट्झचा रिपल आऊटपुटवर उघडा पडतो, मीटरवर मात्र सगळं जवळजवळ बरोबर दिसतं. ज्याच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० असं सलग लिहिलंय तो एसएमपीएस घ्या, ११५/२३० स्विचवाला नको.

घरी इन्व्हर्टरची किंवा सोलरची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर आणखी चांगलं, डीसीवर चालणारं मॉड्यूल मिळतं, राइडेनचं आरडी६००६ सारखं, ते थेट बॅटरीवर चालतं आणि त्यात सीसी, सीव्ही, आऊटपुट बटण सगळं आहे. फक्त ते व्होल्टेज उतरवणारं आहे, चढवणारं नाही, म्हणजे १२ च्या बॅटरीवरून ११ च्या आतलंच मिळेल. मायक्रोकंट्रोलरच्या कामाला तेवढं भरपूर. बॅटरीच्या टर्मिनलजवळच फ्यूज लावायचा, हे सांगायला नकोच.

प्रश्न : बेंच सप्लायनेच १८६५० (लिथियमचे गोल) सेल चार्ज करता येतात का?
— वाचक, सोलापूर

उत्तर : येतात, सीसी-सीव्ही म्हणजे लिथियमच्या चार्जरचंच तत्त्व. व्होल्टेज सेल जोडायच्या आधी ४.२० वर, आणि ते मल्टिमीटरने तपासून, मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवून नाही. २६०० एमएएचच्या सेलला करंट एक अँप. करंट आपोआप उतरत सव्वाशे-दीडशे मिलीअँपवर आला की झालं, काढून घ्या. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा जिवंत करायला जाऊ नका. उलटा तर चुकूनही जोडू नका, सप्लायच्या आऊटपुटवर एक डायोड उलट व्होल्टेजपासून बचावाला असतो, सेल उलटा लागला की त्याच्यातून सेल शॉर्ट होतो आणि डायोड किंवा वायर जळते. बंद करताना आधी सेल सोडवा मग सप्लाय, नाहीतर सेल उलट सप्लायला पोसत बसतो. आणि चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही.

प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन प्रत्यक्ष बघून घ्यायचा आहे. दुकानात उभं राहून काय तपासता येतं?
— वाचक, पनवेल

उत्तर : बरंच काही, खिशात मल्टिमीटर आणि गाडीच्या हेडलाईटचा एक १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा बल्ब घेऊन जा. सप्लाय १२ व्होल्ट आणि २ अँपवर लावून बल्ब जोडायला सांगा. गार फिलामेंट जवळजवळ शॉर्टसारखं असतं, सप्लाय लगेच सीसीत जायला हवा, दिवा मंद पेटायला हवा आणि करंट २ वर न हलता उभा राहायला हवा. मग लिमिट पूर्ण वर न्या, ५ अँपचा सप्लाय असेल तर ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँप खाऊन झगझगीत पेटेल आणि सप्लाय स्वतःहून सीव्हीत येईल. या वेळी टर्मिनलवर मल्टिमीटर धरा, वायरच्या टोकाला नाही. बल्ब नसताना आणि असताना फरक काही मिलिव्होल्टचा असावा, दहावा भाग व्होल्ट पडत असेल तर पुढचा पीस मागा. पाच-दहा मिनिटं तसाच पेटता ठेवा, दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. पंखा किती ओरडतो तेही कळेल, घरी रात्री बाराला तो आवाज दुप्पट वाटतो.

शेवटी बल्ब काढा, ५ व्होल्टवर ठेवा, मल्टिमीटर मॅक्स होल्डवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो) टाका आणि मागचा मेन स्विच चार-पाचदा चालू-बंद करून बघा. मॅक्समध्ये ५ च्या जवळचंच काही दिसलं पाहिजे. ६-७ दिसले तर तो सप्लाय बंद होताना उसळी मारतो, आणि साधा मल्टिमीटर हळू असल्यामुळे खरी उसळी त्याहून मोठी असणार. असला पीस कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका.